जावईबापू, निघा

प्रिय,

"दादा तुझ्याबरोबरच आहे ना? आईला किती दिवस धीर देऊ?" तुझं हे पत्र कैद्यांच्या छावणीत पोचलं. उत्तर द्यायला छापील कार्ड मिळतं आणि ते आधी इथला साहेब वाचतो. तुझ्या दादाची बातमी तुझ्याआधी त्याला कळावी, हे मला सोसवत नाही. म्हणून कार्डावर "मी बरा आहे" एवढंच लिहिलं.

खरं या लपवलेल्या कागदावर लिहितो. आमच्या विमानाचा पंख पेटला होता. दादाने सुकाणू सोडलं असतं, तर विमानाने गिरकी घेतली असती आणि आम्ही सगळेच मेलो असतो. बाकीच्यांनी हवाई छत्र्या घेऊन उड्या मारल्या. मी दारात अडून बसलो. माझं हट्टी डोकं तुला माहीत आहे. "तुला घेतल्याशिवाय हलणार नाही," असं ओरडलो.

तर तो हसला गं. "निघा आता, जावईबापू! दोघंही गेलो तर ती माझंच डोकं खाईल."

"आधी पदवी घे, मग लग्नाचं बोल," या तुझ्या एका वाक्यावर चिडून मी कॉलेज सोडलं, त्याच्या तुकडीत आलो. त्याला आपल्याबद्दल काही ठाऊक नाही, असं समजत होतो. मी इतका गडबडलो की उडी मारून मोकळा झालो. विमान सरळ जात राहिलं, मग टेकडीवर आपटलं. त्यातून कोणी उतरलं नाही.

त्याचा होकार मिळाला. आता तुला विचारू कोणत्या तोंडाने?

फार थकलोय. बुटाचा तळ फाटलाय, त्यात हा कागद घालतो. सुटलो की येऊन समोर सांगेन. तोवर तुमच्याकडे त्याचं पान मांडलेलं राहू दे.

राग संपलेला,
तुझाच