वाचनालय उघडण्याची उत्तम प्रथा

भाऊजींना वहिनीचा नमस्कार.

तुमची पाठ कशी आहे? मानांकन समितीपुढे दोन दिवस वाकून उभे होतात, म्हणून विचारते. माझी तब्येत बरी आहे. डोकं तेवढं तापलंय.

कॉलेजची श्रेणी घसरली ती माझ्यामुळे, असं प्राचार्यसाहेब, तुम्ही घरोघर सांगताय म्हणे. आता ऐका. पालकसभेला माणसं कमी पडतायत, येऊन बसा, असं तुम्हीच म्हणालात. मला मूलबाळ नाही म्हटलं, तर म्हणे, "वहिनी, समिती काय जन्मदाखले मागणार आहे?" मी आले ते तुमच्या शब्दाखातर नव्हे, त्या दिवशी वाचनालय उघडणार होतं म्हणून. हे गेल्यावर यांची सगळी पुस्तकं मी तुम्हाला दिली (मुलं वाचतील म्हणून, कुलूप वाचेल हे ठाऊक नव्हतं). हे जन्मात कुणाला उलटून बोलले नाहीत, पण समासात पेन्सिलीने लेखकांशी कडाकडा भांडायचे. घरात आता बोलणारं कुणी नाही, म्हणून ते भांडण ऐकायला येते, तर शिपाई म्हणतो, किल्ली साहेबांकडे.

त्या दिवशी मात्र दार सताड उघडं आणि पुस्तकं पुसून लावलेली, तीसुद्धा उंचीप्रमाणे! (शाळेच्या कवायतीत पोरं उभी करतात तशी.) एक उघडून बसते न बसते तोच सभेचं बोलावणं आलं. समितीतल्या बाईंनी विचारलं, कॉलेजची उत्तम प्रथा कोणती? मी म्हटलं, "तुम्ही येता तेव्हा वाचनालय उघडतात, ही." यात खोटं काय होतं? तुम्हाला ठसका लागला. बाई हसल्या नाहीत, उठून शिपायाला किल्ली विचारायला गेल्या. मला वाटायचं, तपासणी म्हणजे पाहुणे येण्याआधी पसारा पलंगाखाली ढकलणं. या बाईंनी पलंगाखाली वाकून पाहिलं. कॉलेज सुधारतं ते असल्या वाकण्याने, भाऊजी, तुमच्या वाकण्याने नव्हे. वाचनालय रोज उघडं ठेवा, असं त्यांनी अहवालात बजावलंय. आणि आज गेले, तर पुन्हा कुलूप!

तुमची वहिनी
(एका दिवसाची पालक)

ता. क. रागात लिहिलंय, पण पाठ शेकत जा.

आणखी एक. त्या दिवशी उघडलेल्या पुस्तकाच्या समासात तुमच्याबद्दलही एक शेरा आहे. अक्षर तुमच्या दादांचंच. पुस्तकाचं नाव सांगणार नाही. दार उघडा आणि शोधा. रोज थोडं थोडं शोधलंत तरी चालेल, मी शेजारीच वाचत बसलेली असेन.