आईची पानफुटी यातली कुठली?

ताई,

पानफुटी न्यायला येशील तेव्हा खिडकीत दोन कुंड्या दिसतील. गोंधळू नकोस, त्या कामाला मी आहे. मागे आईच्या झाडाचं एक पान शेजारच्या कुंडीत पडलं, त्याच्या कडेला पिल्लं फुटली आणि आता दोन्ही झाडं सारखीच दिसतात. खुणेसाठी आईच्या कुंडीला लाल दोरा बांधला होता, तो घर रंगवताना रंगाऱ्याने कुंड्या इकडेतिकडे हलवल्या तेव्हा कचरा समजून फेकला!

नर्सरीवाले काका म्हणतात, "अहो, बी कुठे पेरलंय? पानातून आलं म्हणजे तेच झाड."

मग आई गेल्यापासून आपण एका झाडावरून अबोला कशाला धरला?

हवी ती कुंडी ने. आईची कुठली ते ओळखलंस तरी, तेवढं मला सांगू नकोस.

छोटी