काशीला सोडलेलं करवंद

४ मे १९५८, रविवार

हरणाबाईनं रामलिंगाच्या डोंगरातून पाटीभर करवंदं आणली. "म्या काट्यात हात घालून तोडली बघा, वैनी. आईंच्या हातचा मुरंबा चाटायला द्या म्हंजे झालं!" तिला अजून ठाऊक नाही. सासूबाई दोन महिने अंथरुणावर आहेत. पोटात गाठ. उस्मानाबादच्या डॉक्टरांनी नुसती मान हलवली. पेजसुद्धा उलटते.

पाटी त्यांच्या खाटेजवळून नेत होते. डोळे मिटूनच म्हणाल्या, "एक दे गं."

माझ्या हातून पाटी पडायचीच राहिली! सात वर्षांपूर्वी काशीला गेल्या तेव्हा करवंद सोडून आल्या. काशीला गेलेल्यानं आवडीचं काहीतरी सोडायचं, पुन्हा जन्मभर तोंडाला लावायचं नाही. लोक शहाणे — पडवळ सोडतात, कारलं सोडतात! सासूबाईंनी जिवापाड आवडायचं तेच सोडलं. मोठेपणा, दुसरं काय.

५ मे

ह्यांना सांगितलं. विश्वासच नाही. तडक आत गेले — "आई, तू करवंद मागितलंस?"

"मी? छे. सूनबाईला कायतरीच ऐकू येतं."

घ्या! मीच खोटी पडले. हे मास्तर ना, मलाही शाळेतल्या पोरासारखं दटावलं — "काशीत सोडलेलं तोंडात घालायचं नसतं. आता शेवटी तिच्या पुण्याईवर पाणी ओतू नको." रागाच्या भरात दोन भाकरी करपवल्या. एक मुद्दाम त्यांच्या पानात वाढली.

७ मे

मुरंबा केला. सात वर्षं सासूबाईच करतात, चव न घेता. मी निवडायची, चिरायची, बिया काढायची — नुसती हमाली. यंदा सगळंच माझ्या गळ्यात. चुन्याच्या निवळीत घालून चीक काढला, तरी बोटं एकमेकांना चिकटतात. खोबरेल चोळून चोळून दमले.

शेगडी त्यांच्या खोलीच्या दाराशीच मांडली. साखरेचा पाक उकळायला लागला, तशा कान देऊन पडून राहिल्या. मी पळीनं तार बघतेय, तेवढ्यात — "उतरव. आवाज जड झाला." मी म्हटलं, "अजून एकच तार येतीय." "उतरव म्हणते ना! खाली उतरवल्यावरही शिजतो तो." उतरवला. गार झाल्यावर बघितलं तर बरोब्बर. असा काचेसारखा लाल मुरंबा माझ्या हातून कधी झाला नव्हता.

चांगला झालाय म्हणाल्या नाहीत. म्हणणार तरी कशाला? कधी म्हणाल्यात?

८ मे

आज पुन्हा मागितलं. हे घरात नसताना. "एकच" म्हणाल्या.

९ मे

उपाध्ये विष्णुपंतांकडं जाऊन आले. पदर सावरत दारातच विचारलं. म्हणाले, "आजाऱ्याला दोष नाही, बाई. पण कुणासाठी नवस म्हणून सोडलं असेल तर निराळं. त्यांनाच विचारा." विचारलं. भिंतीकडं तोंड केलं आणि म्हणाल्या, "पुण्यासाठी सोडलं. लोक कशासाठी सोडतात?"

वाटलंच होतं. आज लिहूनच टाकते, कुणाला बोलले नाही ते. माझी पहिली दोन लेकरं गेली. एक तेराव्या दिवशी, एक सव्वा महिन्याचं होऊन. तिसऱ्या वेळी मला सातवा लागला आणि ह्या काशीला निघाल्या! कळंबच्या वनमालाकाकूंबरोबर — ह्यांच्या चुलती. घरात दुसरं बाईमाणूस नाही. मी दाराची चौकट धरून रडत होते, सासूबाईंनी मागं वळून बघितलंसुद्धा नाही. परत आल्या आणि आठच दिवसांत नीलू झाली. तुळजाभवानीच्या कृपेनं वाचली माझी पोर. पण सासूबाईंना मी माफ केलेलं नाही. सुनेच्या पोटापेक्षा स्वतःचं पुण्य मोठं!

आणि आता त्यांचे सुकलेले ओठ बघितले की राग टिकतच नाही. त्याचाही राग येतो.

११ मे, रविवार

दिलं.

हे उस्मानाबादला औषधाला गेले होते. नीलू शेजारी खेळत होती. सासूबाईंना शुद्ध होती, पण बोलणं बंद झालंय कालपासून. मुरंब्यातली एक फोड घेतली, बी काढलेली, लोण्यासारखी मऊ. म्हटलं, "आई, पाप लागलं तर मला लागू दे. तुम्ही खा." माझ्याकडं कितीतरी वेळ बघत राहिल्या. मीच ओठांत बोट घालून फोड आत सारली. डोळे मिटले त्यांनी. डोळ्यांतून पाणी आलं आणि चेहरा असा सैल झाला, बरं वाटलं मला! सात वर्षांत पहिल्यांदा त्यांना माझ्या हातचं काही गोड लागलं.

मग दोन पळ्या पाणी दिलं, तेही घेतलं. ह्यांना सांगितलं नाही. सांगणारही नाही.

१२ मे

पहाटे गेल्या.

तोंडात तुळशीचं पान ठेवायला मीच पुढं झाले. गालात काहीतरी लागलं. फोड. तशीच्या तशी, दातसुद्धा लागला नव्हता. कुणाला दिसायच्या आत काढून पदरात बांधली. म्हणजे तेवढंही गेलं नाही बिचारीच्या घशाखाली! एवढंसं मागितलं होतं, तेही मी आठ दिवस उशिरा दिलं. सगळ्यांना वाटलं सासूसाठी रडतेय. रडत होतेच की.

१६ मे

मुरंब्याच्या बरणीला हात लावला नाही. नीलूनं मागितला तर उगीचच तिच्या अंगावर ओरडले.

२४ मे

तेरावा झाला. वनमालाकाकू कळंबच्या गाडीला निघताना मला एकटीला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आता सांगायला हरकत नाही. नवस बोलून दाखवला की फळत नाही, म्हणून मला शपथ घातली होती. गंगेत कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून म्हणाली — माझ्या सुनेचं हे लेकरू जगू दे. ते जगेल तोवर करवंद माझ्या घशाखाली उतरणार नाही."

मी फोड भरवली त्या दिवशी पाणी गिळलं होतं त्यांनी. दोन पळ्या.