पेन्सिलीनं लिहिलेली नावं

मंगळवार, संध्याकाळ

आज आमच्या पशुरोग प्रयोगशाळेची सरकारी तपासणी झाली. पुण्याहून आलेले साहेब स्वभावानं चांगले, हीच पंचाईत. रागावले असते तर भांडता तरी आलं असतं.

आधी फ्रीज पाहिला, मग रजिस्टर. नमुन्याच्या नंबरापुढे मी बारीक पेन्सिलीनं जनावराचं नाव लिहिते. चंद्री, मोरी, ढवळी. साहेब म्हणाले, "बाई, नमुना कुणाचा हे तपासणाऱ्याला कळता कामा नये. खोडा." त्यांचं बरोबरच आहे. ढवळीचा वाईट रिपोर्ट लिहिताना माझा हात थांबला नव्हता का?

मी खोडत बसले. टेबलभर रबराचा चुरा. तेवढ्यात फोन वाजला, तो साहेबांनीच उचलला. सेनगावकडच्या एक आजी होत्या, आवाज खोलीभर.

"आमच्या चंद्रीच्या रक्ताचं काय झालं व्हो? गाभ टाकला तवापासून येगळी बांधून राहिले तिला."

"नंबर सांगा."

"कानातल्या बिल्ल्यावरचा? मला न्हाई वाचता येत, बापा. चंद्री हाय ती."

साहेब रजिस्टर घेऊन खिडकीपाशी गेले आणि एकेक पान उजेडात तिरकं धरून खोडलेली नावं वाचू लागले. सापडलं एकदाचं. रिपोर्टवर कालच सही झाली होती.

"आजी, रोग नाही. खुशाल बांधा चंद्रीला गोठ्यात."

जाताना त्यांनी शेरा लिहिला: 'नावांची वही वेगळी ठेवावी, कार्यालयात.'

कोरी वही मी लगेच काढली. पहिलं नाव साहेबांनीच लिहिलं. पेनानं.