नाल्याकाठच्या वीस खोल्या

प्रिय दीपक,

भाऊबीजेला तू ओवाळून घेतलंस, पण तुझ्या नव्या खोल्यांच्या नकाशावर मी सही केली नाही म्हणून जेवताना मान वर केली नाहीस. तुझ्या आवडीची वरण-बट्टी, पण बट्टीही एकच खाल्लीस, म्हणजे राग खराच होता. तुझं म्हणणं खोटं नाही. आपल्या हॉटेलच्या आठ खोल्या शनिवार-रविवारी पुरत नाहीत, माणसं चोपड्याला परत जातात. पण तुझ्या वीस खोल्या नाल्याकाठी, सातपुड्याच्या अगदी पायाशी. तिथली झाडं पाडायची म्हटल्यावर माझा हात चालेना, आणि कारण काही धड सांगता येईना. तू धुळ्याला निघून गेलास.

आता माझी फजिती ऐक. संक्रांतीनंतर जळगावचे तीस पाहुणे भरीत पार्टीला आले. भरिताची वांगी कपाशीच्या वाळक्या काड्यांवर, पऱ्हाटीवरच भाजायची, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. पण यंदा साऱ्या पऱ्हाट्या मीच बारीक करून शेतात गाडल्या होत्या. वर माझी मिजास, की लाकूड ते लाकूड. आपल्या आचाऱ्याला, सुपडूला, नाल्याकाठचा वठलेला साग तोडायला पाठवलं. म्हणजे तुला जे नको म्हटलं, तेच मी वांग्यांसाठी करायला निघाले. सुपडू कुऱ्हाड तशीच खांद्यावर घेऊन परत आला. “अक्का, तठे कोनी तरी शे,” तिथं कुणीतरी आहे, एवढंच बोलला. जाऊन पाहिलं तर ढोलीत रानपिंगळा, आपल्या सातपुड्यातलं ते दुर्मिळ छोटं घुबड, भर दुपारी डोळे वटारून माझ्याकडे बघत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग शेजारच्या शेवंताबाईंकडून पऱ्हाट्या आणल्या. भरीत दोन तास उशिरा झालं आणि तोवर पाहुणे उपाशीपोटी, लांबून, गुपचूप त्या पिंगळ्याला बघत बसले. त्यातली चार कुटुंबं पुढच्या महिन्यात पुन्हा येणार आहेत. खोली कशी असेल हे कुणी विचारलं नाही, पिंगळा असेल ना, एवढंच विचारलं.

आबांनी माझ्या नावावर केलेल्या रस्त्याकडच्या केळीबागेतले घड उतरवून झाले. नवी रोपं मी मागवलेली नाहीत. तिथं एकही जुनं झाड नाही, पाडायचं काही नाही. तुझ्या खोल्या तिथं बांध. वीस नाही, बारा. पाणी तेवढ्यांनाच पुरेल. रिकामी बाग बघवत नाही, खोटं कशाला सांगू. तरी मन स्वस्थ आहे. नवा नकाशा घेऊन ये. न बघता सही करीन असं लिहिणार होते, पण तुला मी ओळखते. बघूनच करीन.

तुझीच,
नूतनअक्का