मधे पडलेला बॉल

६ सप्टेंबर
परदेशात खोली मिळाली एकदाची. खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसते, तिथल्या आजोबांना माझी. दोघेही न बघितल्यासारखं करतो.
घरमालकीणबाईंनी बरेच नियम सांगितले. सगळ्यांना 'हो' म्हटलं. निम्मे कळलेच नाहीत!

९ सप्टेंबर
व्हॉलीबॉलचा पहिला सराव. सगळे ताडमाड, दारातून वाकून आत येतात. मी ताठ मानेने येतो, तेवढाच रुबाब. मी लिबेरो. म्हणजे मागे राहायचं, जमिनीवर लोळायचं, समोरच्याचा स्मॅश उचलायचा. उडी मारून टाळ्या घेणारे वेगळे. जर्सीचा रंगही माझाच वेगळा, वरातीत चुकून घुसल्यासारखा.
कोच म्हणाले, डिसेंबरपर्यंत बघू. बाहेरच्या खेळाडूची जागा एकच आहे. ती टिकली तर बायको आणि आमची लेक चिमणी इकडे येणार. म्हणजे टिकलीच पाहिजे. एवढं एक झालं की दुसरं काही मागणार नाही.

१४ सप्टेंबर
कपडे धुवायच्या मशीनने पांढरे मोजे गुलाबी करून दिले. संघात आता माझं नाव 'गुलाबी' आहे. चला, नाव तरी मिळालं.

२१ सप्टेंबर
पहिला सामना. हरलो. नंतर इथली पद्धत बघितली. कपडे बदलायच्या खोलीत सगळे गोल बसतात. गेलेला एकेक बॉल कोच आठवतात आणि विचारतात, कोणाचा होता? ज्याची चूक असेल तो 'माझा' म्हणतो. झालं, पुढचा बॉल.
एक बॉल कप्तान आणि मी यांच्या मधे पडला होता. खरं तर त्याच्या पायाशीच. तो उभाच राहिला. पण कप्तान माणूस, वयाने मोठा, रोज मला गाडीतून घरी सोडतो. मी पटकन म्हणालो, 'माझा.'
आणि थांबलो. आता तो म्हणणार, 'छे रे, माझाच होता.' मग मी 'नाही नाही, माझा.' असं दोनदा झालं की बॉल कोणाचाच राहत नाही, सगळे हसतात, चहा येतो. गावाकडे आमच्या क्लबात लहानपणापासून हेच चालत आलंय.
कप्तानाने मान डोलावली. कोच म्हणाले, 'ठीक.' पुढचा बॉल!

५ ऑक्टोबर
पुन्हा तेच. तीन बॉल माझ्या नावावर, त्यातला एक तर मी बाकावर बसलो असताना पडला असावा. पण म्हणणार कोण? नवीन माणसाने पहिल्याच महिन्यात बोट दाखवायचं? आपल्याला नाही जमत. ह्यांना कळेल हळूहळू, की हा पोरगा किती समजूतदार आहे.

१३ ऑक्टोबर
बायकोचा फोन. तिला शाळेत पर्यवेक्षिका केलं म्हणे. 'छान' म्हटलं. मग तिला कालचा सामना सांगितला, पहिल्या सर्व्हिसपासून. तू कधी येशील ते ठरवून ठेव, असंही म्हणालो. ती म्हणाली, 'तू म्हणशील तसं.' गुणी आहे.

२ नोव्हेंबर
थंडी. नाकाचा शेंडा आहे की गेला ते हात लावून बघावं लागतं.

९ नोव्हेंबर
कोचांनी बोलावलं. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, मेलेलं एक रोप.
'तू मेहनती आहेस. पण चुका फार करतोस. डिसेंबरनंतर मी दुसरा माणूस बघतोय.'
मी विचारलं, कोणत्या चुका?
'तूच तर सांगतोस, दर वेळी.'
मी सांगायचा प्रयत्न केला, की अहो, ते तसं म्हणायचं असतं, त्याला चूक म्हणत नाहीत, रीत म्हणतात. ते म्हणाले, 'म्हणजे तू आमच्याशी खोटं बोलत होतास?'
झालं कल्याण! आधी नुसता नालायक होतो, आता खोटारडाही.

१० नोव्हेंबर
गाडीत धीर करून कप्तानाला विचारलं, तो बॉल तुझा होता, तू बोलला का नाहीस? त्याला नवल वाटलं. म्हणाला, मलाही माझाच वाटला होता. पण तू इतक्या ठामपणे म्हणालास, मग तुझा शब्द खोटा कसा पाडायचा?
म्हणजे हासुद्धा माझा मान ठेवत होता! कपाळावर हात मारून घेतला. खूप राग आला, त्याचा नाही, माझाच.

२३ नोव्हेंबर
आज सामना जिंकलो तरी गोल बसलोच. शेवटून दुसरा बॉल, कप्तान आणि मी, मधोमध. कोच म्हणाले, 'कोणाचा?' मोठ्या माणसाला चारचौघांत असं बोलायचं म्हणजे! तरी म्हणालो, 'ह्याचा.' कान तापले.
कप्तान म्हणाला, 'हो, माझा.'
बस, एवढंच. पुढचा बॉल. गाडीतून घरीही सोडलं. रस्ताभर स्वतःच्या दुखऱ्या दाढेबद्दल बोलत होता.

१ डिसेंबर
आता मला कोणी आवरू नये. घरमालकीणबाईंना सांगितलं, तुमचा हीटर घाण वास मारतो. वाटलं, आता सामान रस्त्यावर. त्यांनी दुपारीच माणूस बोलावला आणि उलट विचारलं, इतके दिवस गप्प का बसलात?
सरळ बोलायचं. बास. आयुष्यभर उगाच गोडगोड बोलत फिरलो.

१४ डिसेंबर
जिंकलो! कोचांनी खांद्यावर हात ठेवला, म्हणाले, आता फक्त स्वतःच्या चुका सांगतोस, आणि त्या फारच थोड्या आहेत. जागा माझी. दोन वर्षांचा करार, उद्या सकाळी सही. जिन्यात बसून थोडा रडलो. समोरच्या खिडकीतल्या आजोबांना आज हात केला, त्यांनीही केला.
आत्ता घरी फोन लावतो. तिलाही सांगणार, मनात असेल ते सरळ बोलायला शीक म्हणून. तिकिटं, चिमणीची शाळा, सगळं तिच्या मनासारखं.

१४ डिसेंबर, फोननंतर
सरळ बोल म्हटलं, तर ती म्हणाली, 'मला यायचं नाही. माझं काम इथे आहे, चिमणीही इथेच राहील.' आवाज चढवला नाही, रडलीही नाही. मी विचारलं, मग मी काय करू?
'ते तू ठरव. मी माझं ठरवलंय.'
सही सकाळी नऊला आहे.