सुई अपूर्वाला टोचली

५ मार्च २००१
आज लॅबमध्ये काम करताना अपूर्वाला चुकून सुई टोचली. तिला पाचवा महिना. सुईत उंदरांवरच्या प्रयोगाचं औषध होतं. पोटातल्या पिल्लाचे मज्जातंतू वाढायला जो घटक लागतो, तो हे औषध अडवतं. गाभण उंदरिणीला देतात आणि पिल्लांचं काय होतं ते बघतात. मी विचारलं, काय होतं? नवऱ्याशी खोटं बोलायची सवय नाही तिला. म्हणाली, दुखलं-भाजलं कळवणाऱ्या पेशी मरतात. पिल्लांना चटका बसला तरी कळत नाही. "पण मला नुसती टोचली रे. थेंबसुद्धा गेला नसेल."
मी घाबरलेलो नाही.

६ मार्च
ऑफिसला दांडी. डॉक्टरबाई म्हणाल्या, एवढ्याशाने काही होऊ नये. "होऊ नये" म्हणजे काय? "होणार नाही" म्हणा ना! त्या म्हणाल्या, तसं कोणीच म्हणणार नाही.
संकल्प : घरात हा विषय बंद.

६ मार्च, संध्याकाळी
काढला. अपूर्वा म्हणाली, "मला भीती वाटत नाही असं वाटतं का तुला? निदान तू तरी गप्प बस." बसलो. जेवताना फक्त एकदाच विचारलं.

१९ मार्च
कोथरूडच्या सायबर कॅफेत जाऊन अभ्यास केला. शेवटी मी सॉफ्टवेअरवाला, माहिती काढणं आपलं काम. प्रिंटआउट घेऊन तिला समजावू लागलो. म्हणाली, "हा पेपर माझ्याच सरांचा आहे."

२ मे
सोनोग्राफी. बाळ हललं. याला दुखतं का, ते दिसतं का, असं डॉक्टरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "तुम्हाला कुठे दुखतंय का? बसा." बसलो. तसा उभाही राहू शकलो असतो.

१० जुलै
मुलगी! उद्या लस. मीच मांडीवर घेणार. रडली की सुटलो. नाही रडली तर... दोघांपैकी एकाने तरी खंबीर असायला हवं.

११ जुलै
नर्स आल्या आणि नेमकं मला स्कूटरचं लॉक आठवलं. परत आलो तर मुलगी झोपलेली. अपूर्वा म्हणाली, "रडली. खूप." माझ्या समाधानासाठी म्हणत असेल का?

१६ जुलै
घरी पहिली अंघोळ. बाळ-बाळंतिणीचं करणाऱ्या यमुनाबाई बिबवेवाडीहून आल्या. आज जागचं हलायचं नाही, ठरवूनच उभा राहिलो. पाणी कढत. पहिला तांब्या पडला आणि पोरगी अशी किंचाळली की वरच्या मजल्यावरचे विचारायला आले. पुढचं नीट आठवत नाही. मी मोरीच्या दाराशी खाली बसलो होतो. अपूर्वा शेजारी. यमुनाबाई मुलीला पंचात गुंडाळून बाहेर आल्या.
म्हणाल्या, "पोरगी कधीच गप्प झाली, साहेब. आता तुम्ही व्हा."